सत्तावीस मिनिटे

२४ नोव्हेंबर २०१८, शनिवार. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. डावा दिवा बंद. उजवा दिवा बंद.

माझ्या वहीतली ही नोंद पेन्सिलीने केलेली आहे, आणि दुसऱ्यांदा 'बंद' लिहिताना कागद फाटलेला आहे. शाळेच्या सभागृहात, विज्ञान प्रदर्शनातल्या चौदाव्या टेबलामागे मी उभी होते. मी तेव्हा अकरावीत होते. परीक्षक सातव्या टेबलापर्यंत पोहोचले होते. माझ्यासमोर रेल्वे फाटकाच्या इशारादिव्यांचं छोटं विद्युत मंडळ, म्हणजे सर्किट, होतं: दोन लाल एलईडी, एक विझला की दुसरा, असे आळीपाळीने लागायला हवे होते. आदल्या संध्याकाळी ते दोन तास न थांबता चाललं होतं. त्यानंतर त्या मंडळाचा बोर्ड एकाच घरात होता. आणि त्या घराचा मालक दुसऱ्याने बनवलेल्या मंडळाला बोटसुद्धा लावत नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

त्यांना भोपाळमधल्या आमच्या अशोका गार्डन वस्तीतली सगळी मराठी घरं टेस्टिंगकाका म्हणत. विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागातून ते निवृत्त झाले होते. मूळचे अमरावतीकडचे, चाळीस वर्षं भोपाळमध्ये काढूनही बोलणं वऱ्हाडीच राहिलेलं, त्यात हिंदीची भर. त्यांच्याकडे बिघडलेलं काहीही घेऊन कोणीही जावं, ते पहिली गोष्ट एकच करत: दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक अडकवत. मग वाकून बघत. तुमचं इस्त्रीचं बटण असो, मिक्सर असो, माझं मंडळ असो. हात पाठीमागून पुढे येत नसत.

"माझा हात लागला की चूक माझी झाली," ते म्हणत. "तुझी चूक तुझ्यापाशी राहू दे. तुले कामी येईल."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती ऑगस्टमधली एक दुपार. प्रदर्शनातून आमच्या शाळेचा एकच विद्यार्थी निवडला जाणार होता, आणि त्याला दुसऱ्या शहरातल्या एका विज्ञानसंस्थेत दोन आठवडे राहून खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. ती जागा मला हवी होती. 'मिळाली तर बरं' अशा प्रकारे नव्हे. मला ती हवी होती. पुढे काय शिकायचं यावरून घरात वाद चालू होता. बाबा सरकारी कार्यालयात कारकून; त्यांना मी बँकेच्या परीक्षांच्या दिशेने जावं असं वाटे. निवड झाली तर पुन्हा विषय काढणार नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. पुस्तकातली आकृती बघून मी ब्रेडबोर्डवर, म्हणजे ज्याच्या भोकांत तारा नुसत्या खोचायच्या असतात त्या प्लास्टिकच्या पाटीवर, टायमरची आयसी, तीन-चार रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि दोन एलईडी लावले. नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. काही झालं नाही.

"काका, चालत नाहीये," मी म्हणाले.

हात मागे गेले. ते वाकले. साधारण पाच सेकंद बघितलं, आणि सरळ झाले.

"ही तक्रार झाली," ते म्हणाले. "माप सांग."

"कसलं माप?"

"मले काय माहीत? मंडळ तुझं हाय. मोजून ये, मग बोलू."

मी तिथून निघाले तेव्हा माझे कान तापले होते. काकूंनी दारात थांबवून हातावर शंकरपाळे ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "मनावर नको घेऊस गं मुग्धा. पाहुण्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, तरी हे विचारतात किती ग्रॅम." मी हसले नाही. मला त्या माणसाचा राग आला होता. तो माझ्या हिशेबाने सकारण होता: ज्याला उत्तर माहीत आहे त्याने ते दडवणं हा मला तेव्हा अप्रामाणिकपणा वाटे. आजही बऱ्याच अंशी वाटतो.

त्यांनी एक जुना मल्टिमीटर मला वापरायला दिला, तोही टेबलावर ठेवून. हातात दिला नाही. आणि एक वही आखायला लावली. चार रकाने: वेळ, जागा, अपेक्षित, प्रत्यक्ष. नियम एकच, पण तो मोडला की ते ओरडत. प्रोब, म्हणजे मीटरच्या तारेचं टोक, टेकवण्याआधी 'अपेक्षित' हा रकाना भरलेला असला पाहिजे.

"आधी मोजशील अन् मग ठरवशील काय यायला पाहिजे होतं, तर तू स्वतःलेच फसवशील," ते म्हणत. "आकडा समोर आला की माणूस म्हणते, हो हो, हेच तर यायचं होतं. अंदाजपंचे काम नको करू. आधी लिही. मग टेकव."

मी पुढे चार वर्षं अभियांत्रिकी शिकले, मोठमोठ्या उपकरणांवर हात चालवले. मोजमापाविषयी याहून मोठी गोष्ट मला कोणी सांगितली नाही. हे मान्य करताना मला आनंद होत नाही.

पहिला दोष सापडायला मला चार दिवस लागले. मी आयसी बदलली, एलईडी उलटेसुलटे करून पाहिले, बॅटरी नवी आणली. चौथ्या दिवशी, चिडून, बोर्डाच्या कडेने जाणारी लाल पट्टी मोजली. वीज सगळीकडे पोहोचवण्याचं काम तिचं. डाव्या टोकाला अपेक्षित ८.९ व्होल्ट, प्रत्यक्ष ८.९. उजव्या टोकाला अपेक्षित ८.९, प्रत्यक्ष ०.०. माझा विश्वास बसला नाही. मग बोर्ड डोळ्यांजवळ धरला, तेव्हा दिसलं की लाल रेघेत मध्यावर नखाएवढी फट आहे. त्या जातीच्या बोर्डांत पट्टी मधोमध तुटलेलीच असते. दोन्ही भाग वापरायचे तर आपण वरून तार टाकून ते जोडायचे असतात. माझं सगळं मंडळ उजव्या, कोरड्या अर्ध्यात बसलेलं होतं. मी एक लाल तार टाकली. दोन्ही दिवे लागले.

मी तशीच त्यांच्या घरी धावले. "तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं?"

"दिसलं ना."

"पाच सेकंदांत?"

"दोन. बाकीचे तीन तुझं काम पाहत होतो. चांगलं हाय, तारा आखूड कापल्या तू."

"मग बोलला का नाहीत? माझे चार दिवस गेले!"

"चार दिवस गेले नाहीत वं पोरी," ते शांतपणे म्हणाले, "लागले."

मी वही बंद करून उठले. काकू आतून म्हणाल्या, "निदान चहा तरी पिऊन भांडा." चहा झाला. भांडणही झालं.

दिवे लागले होते, पण दोन्ही एकदम आणि सतत. आळीपाळीने मिचकावत नव्हते. मी सांगितलं, "मंडळ दोलन करत नाहीये." त्यांनी विचारलं, "कशावरून?" मी म्हणाले, "दिसतंय की." तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर खरोखर भडकले. त्यांचे उस्ताद, कारखान्यातले एक वयस्क खानसाहेब, त्यांना जे म्हणत ते त्यांनी मला मोठ्या आवाजात ऐकवलं: "आँख धोखा देती है बेटा, मीटर नहीं!" मग खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायला लावले आणि म्हणाले, "बोर्ड हातात घे. अन् फिरव. जोरात, आरतीचं ताट फिरवतात तसा."

मी फिरवला. अर्धवट अंधारात लाल रेघ उमटली, आणि ती अखंड नव्हती. तुकड्यातुकड्यांची होती: लाल, काळं, लाल, काळं, टाचणीने टोचून काढल्यासारखी. दिवे मिचकावत होते, सेकंदाला शंभर वेळा; माझे डोळे मागे पडत होते. मी बोर्ड फिरवत राहिले. काका खुर्चीत बसून, हात पाठीमागेच, लहान मुलासारखे हसत होते. कपॅसिटरवर '१०४' लिहिलं होतं आणि मी त्यातले पहिले दोन आकडे वाचून तो दहा मायक्रोफॅरडचा समजले होते. प्रत्यक्षात तो शंभरपट लहान होता. योग्य कपॅसिटर लावल्यावर दहा मिचकावण्यांना माझ्या गणिताने साडेनऊ सेकंद लागायला हवे होते; लागले १०.८. "कपॅसिटर थोडे इकडेतिकडे असतात," ते म्हणाले. "पण फरक लिहून ठेव. गणितावर रुसू नको, अन् वस्तूवरही रुसू नको."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागले. मला ते आवडू लागले होते, हे लिहिणं या नोंदीच्या दृष्टीने आवश्यक आहे.

चिडण्याचे त्यांचे विषय ठरलेले होते. न मोजता बोलणारी माणसं. सैल स्क्रू. आणि सर्वांत वर, विकत आणलेली मॉडेलं. बाजारात प्रदर्शनाच्या हंगामात तयार धरणं, तयार ज्वालामुखी, तयार पवनचक्क्या मिळतात, हे भोपाळमधल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा चार इमलीला, मोठ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या वस्तीत, राहत असे. त्याचं जलविद्युत प्रकल्पाचं मॉडेल वडिलांच्या खात्यातल्या कोणीतरी बनवून दिलं होतं आणि तो ते लपवतही नव्हता. मी हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "त्याले फक्त बटण दाबता येते. तुले बटण दाबल्यावर काही झालं नाही तर काय करायचं ते येते. हा फरक परीक्षकाले दिसला पाहिजे." आणि थोडं थांबून, "नाही दिसला तर त्याची नजर गेली म्हणायची."

अशाच एका संध्याकाळी त्यांनी 'लावलेल्या फॉल्ट'ची गोष्ट सांगितली. त्यांच्या विभागात रिवाज होता. शिकाऊ माणसाला पहिल्यांदा एकट्याने तपासणीला उभं करायचं, त्याच्या आदल्या संध्याकाळी वरिष्ठ गुपचूप पॅनलमध्ये एक दोष लावून ठेवत. कोणी तार बदले, कोणी स्क्रू सैल करे. सकाळी शिकाऊ येई, आणि सगळा विभाग चहाचे ग्लास घेऊन आजूबाजूला उभा राही. खानसाहेबांनी लावलेला दोष शोधायला काकांना चार तास लागले होते. "त्या दिवशी मी तपासनीस झालो," ते म्हणाले. "कागद नंतर मिळाला." मी गोष्ट ऐकली, आवडली, आणि विसरले. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी झाली. आमच्याकडे नागपूरहून आत्या आली होती, तिची दोन लहान मुलं घरभर हात घालत होती. मी विचार केला, बोर्ड घरी ठेवला तर सकाळपर्यंत चार तारा उपटलेल्या असतील. म्हणून मीच तो काकांकडे ठेवायला नेला. दुसऱ्याच्या कामाला हात न लावणारा माणूस, त्याचं घर. याहून सुरक्षित जागा मला सुचली नाही. सकाळी आठला काकूंच्या हातून बोर्ड घेतला. काका पूजेला बसले होते; घंटेचा आवाज येत होता. मी तो न लावता, न मोजता, तशीच निघाले.

आता पुन्हा त्या टेबलापाशी. दहा चाळीसला, सकाळपासून पहिल्यांदाच, बॅटरी जोडली, तर दोन्ही दिवे बंद. मी बॅटरी मोजली: अपेक्षित ८.९, प्रत्यक्ष ८.९. मग माझी बुद्धी नेमकी त्यांनी मला न शिकवलेल्या दिशेने धावली. आयसी जळली असेल, म्हणून ती बदलली. कपॅसिटर काढून पाहिला. एलईडी तपासले. लाल पट्टी मोजली नाही, कारण तिथला दोष मी ऑगस्टमध्येच दूर केला होता. जोडणारी तार समोर दिसत होती, दोन्ही टोकं भोकांत घट्ट. तार होती. मी ती पाहत होते.

अकरा वाजता परीक्षक माझ्या टेबलापाशी आले. निवृत्त प्राध्यापक, मऊ आवाज, स्वच्छ जाकीट. त्यांनी माझी वही पाहिली नाही. दिव्यांकडे पाहिलं.

"चल नहीं रहा?"

"सर, दोष शोधतेय... ढूँढ रही हूँ. दस मिनट दीजिए."

ते दोन मिनिटं थांबले. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "बेटा, जिनसे बनवाया है, उन्हीं को साथ ले आतीं."

"मैंने बनाया है सर."

"हाँ हाँ," ते म्हणाले, आणि पंधराव्या टेबलाकडे गेले. तिथे जलविद्युत प्रकल्प होता. चार इमलीच्या मुलाने बटण दाबलं. गावातले सगळे दिवे लागले.

अकरा वाजून सात मिनिटांनी मी पट्टीचं उजवं टोक मोजलं. अपेक्षित ८.९. प्रत्यक्ष ०.०. लाल तार उपसून दोन्ही टोकांना प्रोब लावले. मीटरने तार तुटलेली असल्याचं दाखवलं. बाहेरचं प्लास्टिक अखंड होतं, आतलं तांबं मध्यावर तुटलेलं. माझी तार मी कात्रीने तिरकी कापत असे. या तारेची टोकं सरळ, पक्कडीने कापलेली होती. भोपाळमध्ये अशी तारेची टोकं कोण कापतो, हे मला ठाऊक होतं.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले ते पायातल्या चपला न काढता. वही टेबलावर आपटली, तार तिच्यावर ठेवली. काका उत्सुकतेने पुढे वाकले. मला आजही त्या उत्सुकतेचा राग आहे.

"सापडला? किती वाजता?"

"अकरा सात."

त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे सत्तावीस मिनिटं. जास्त लागली."

मी वही ओढली, २७ हा आकडा लिहिला, आणि त्यांच्यासमोर, त्यांना दिसेल अशा मोठ्या अक्षरांत पुढे लिहिलं: 'टेस्टिंगकाकांचं मत: जास्त.'

"परीक्षक अकराला आले होते," मी म्हणाले. "मला म्हणाले, ज्याच्याकडून बनवून घेतलं त्याला सोबत आणायचं. जागा गेली. त्या धरणवाल्याला मिळाली. तुमचा खेळ झाला, काका?"

त्यांचा चेहरा बदलला, पण पूर्ण नाही. "पण घरून निघताना लावून नाही पाहिलं तू? वस्तू हलवायच्या आधी अन् हलवल्यावर मोजायची, हे तर... मले वाटलं आठ वाजता लावशील, इथंच, माझ्यासमोर. म्हणून तर मी पूजा लांबवून बसलो होतो. तू ओरडशील म्हणून वाट पाहत होतो."

"नाही लावलं."

"काहून?"

"कारण तुम्ही कोणाच्या कामाला हात लावत नाही," मी म्हणाले. "एवढी एकच गोष्ट मी न मोजता धरून चालले होते."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या; त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. मग काकांनी हात पाठीमागून पुढे आणले, मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत म्हणाले, "मग चूक माझी झाली."

हे तिथेच थांबलं असतं तर कदाचित मी वर्षभरात निवळले असते. पण सोमवारी ते शाळेत गेले. मला न विचारता. मुख्याध्यापकांना त्यांनी हिंदीत एक अर्ज दिला, कारखान्यातल्या तपासणी अहवालाच्या नमुन्यात: दोषाचं स्वरूप: जोडतार आतून तुटलेली; दोष लावणारा: स्वतः; विद्यार्थिनीची चूक: निरंक. खाली सही. त्यांच्या जगात दोष कोणाचा हे लेखी ठरलं की न्याय होत असे. शाळेच्या जगात तसं नव्हतं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून तो कागद समोर धरला. "तो अंकल ने मॉडल को हाथ लगाया था? ये तो ख़ुद लिखकर दे रहे हैं." बाहेरच्या व्यक्तीने हात लावलेलं काम स्पर्धेत चालत नसे. माझं नाव सहभागींच्या यादीतूनही काढलं गेलं. परीक्षकांचा संशय आता सहीसकट सिद्ध झाला होता.

घरी सगळे म्हणाले, जाऊ दे, वयाने मोठे आहेत, भल्यासाठीच केलं. मी हे वाक्य त्या महिन्यात इतक्या वेळा ऐकलं की ते म्हणणाऱ्या प्रत्येकाचा मला स्वतंत्र राग आला. भल्यासाठी केलेल्या नुकसानाचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहायचा असतो का? आत्या म्हणाली, "एवढं काय गं, दोन दिवे तर होते." बाबांनी मात्र बँकेच्या परीक्षेचं पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ते परत त्यांच्या कपाटात जायला मला दीड वर्ष भांडावं लागलं.

मी टेस्टिंगकाकांकडे जाणं बंद केलं. गल्लीत समोरून आले तर बाजू बदलली. ते थांबत, हात मागे, आणि मी जाईपर्यंत बघत राहत. हाक मारत नसत. बारावी झाली, मी पुण्याला गेले, अभियंता झाले. आज रुग्णालयांसाठी लागणारी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तपासणी विभागात काम करते. होय, तपासणी. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी मी मुद्दाम दोष लावते, कारण शिकवण्याची त्याहून चांगली रीत मला माहीत नाही. पण एक अट मी लेखी करून घेतली आहे: दोष लावला आहे, हे शिकणाऱ्याला आधी सांगायचं. कुठे ते सांगायचं नाही. लावला आहे, एवढं सांगायचंच. या अटीखाली माझी सही आहे, आणि ती करताना माझ्या मनात कोण होतं हे त्या कंपनीत कोणालाही ठाऊक नाही.

टेस्टिंगकाका गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले. त्याआधीच्या दिवाळीत मी त्यांना शेवटचं भेटले, सहा वर्षांनंतर. काकूंनी फोन केला होता. "महिनाभर काहीतरी मांडून बसलेत. चालत नाही म्हणतात. तुझं नाव काढतात, पण तुला फोन करू देत नाहीत. मी हळूच करतेय." मी जुनी वही पिशवीत घालून गेले. समेट करायला नव्हे. तो फाटलेला कागद त्यांच्यासमोर ठेवायचा होता.

ते दुपारच्या उन्हात टेबलापाशी बसले होते. हात मागेच होते, पण आता एक हात दुसऱ्याला घट्ट धरून होता. मला पाहून त्यांनी ते सोडले, आणि मला कळलं का धरले होते. दोन्ही हात थरथरत होते, सुपात धान्य पाखडावं तसे.

टेबलावर एक ब्रेडबोर्ड होता. टायमरची आयसी, दोन लाल एलईडी. तारा वेड्यावाकड्या, काही दोनदा कापलेल्या.

"जिंदगीभर दुसऱ्यांचं तपासलं," ते म्हणाले. "स्वतः कधी एक वस्तू बनवली नाही. म्हटलं पाहू तरी, बनवणाऱ्याले कसं वाटते." मग माझ्याकडे न बघता, "चालत नाही."

मी उत्तर द्यायला सहा वर्षं थांबले होते. "ही तक्रार झाली, काका," मी म्हणाले. "माप सांगा."

काकूंनी आतून "अगं बाई!" म्हटलं. काका आधी दचकले, आणि मग हसले. ते हसू पडदे ओढलेल्या खोलीतलंच होतं.

दोष मला दोन सेकंदांत दिसला. लाल पट्टी मध्यावर तुटलेली, वरून तार नाही. नवशिक्याची पहिली चूक. मी हात पाठीमागे नेले. घड्याळ पाहिलं: तीन वाजून पाच मिनिटे.

"तुले दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"मग बोलू नको."

ते मोजू लागले. प्रोब भोकाशी नेला की हात उडे, मीटरवरचा आकडा लागायच्या आत विरून जाई. लिहिणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून 'अपेक्षित' ते सांगत आणि मी लिहीत असे. बॅटरी. आयसी. पुन्हा बॅटरी. मी खोटं लिहिणार नाही: पहिली दहा मिनिटं मला बरं वाटलं. चौदाव्या टेबलामागे मी अशीच उभी होते. विसाव्या मिनिटाला माझीच बोटं मागे एकमेकांत रुतू लागली. त्यांच्या मनगटाखाली नुसता हात धरला असता तरी पुरलं असतं. मला त्यांच्या नियमाचा राग आला, तो पाळणाऱ्या माझाही आला. मी हात पुढे आणला. त्यांनी मान न उचलता म्हटलं, "मागं."

शेवटी त्यांनी दोन्ही कोपर टेबलावर रोवले, हनुवटीने डावं मनगट दाबून धरलं आणि प्रोब पट्टीच्या उजव्या टोकाला टेकवला. "अपेक्षित आठ पॉइंट नऊ," ते दाताखालून म्हणाले. "लिहिलं?"

"लिहिलं."

"प्रत्यक्ष?"

मी मीटर वाचला. "शून्य पॉइंट शून्य."

ते पट्टीकडे बघत राहिले. मग स्वतःलाच एक अस्सल वऱ्हाडी शिवी दिली. "तार दे एक."

मी डब्यातून लाल तार काढून पुढे केली. त्यांनी घेतली नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मोजली?"

तुटकी तार त्यांच्या हातात ठेवायचा मला हक्क होता. सहा वर्षांपूर्वीची तुटकी तार माझ्या वहीत, त्याच पानात, चिकटपट्टीखाली होती, आणि हे त्यांनी ओळखलं असावं. मी नव्या तारेची दोन्ही टोकं त्यांच्यासमोर मोजली. अपेक्षित ०.२ ओहम. प्रत्यक्ष ०.२ ओहम. मग त्यांनी ती घेतली, आणि पाचव्या प्रयत्नात दोन्ही टोकं भोकांत बसली. डावा दिवा. उजवा दिवा. डावा. उजवा. काकू पदराला हात पुसत बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या.

"किती लागले?" काकांनी विचारलं.

मी घड्याळ पाहिलं आणि वही उघडली. त्यांची नजर फाटलेल्या कागदावरून खाली सरकत मोठ्या अक्षरांतल्या ओळीवर थांबली.

"ते 'जास्त' खोड," ते म्हणाले.

"मोजलेलं खोडायचं नाही. नियम तुमचा आहे."

"ते माप नव्हतं वं पोरी. मत होतं माझं. अन् चुकीचं होतं."

मी खोडलं नाही. अजूनही खोडलेलं नाही. ती जागा गेली ती गेली, माझं नाव यादीतून गेलं ते गेलं, आणि माझा राग त्या ओळीत जसाच्या तसा आहे. पण त्या ओळीच्या खाली, त्यांच्यासमोर, त्यांना दिसेल अशा मोठ्या अक्षरांत मी आणखी एक ओळ लिहिली. मंडळ: तेच. दोष: तोच. शोधणारे: टेस्टिंगकाका. लागलेला वेळ: ४२ मिनिटे.